नकाशा वाचणारा गाव

प्रादेशिक आराखडा 2011 गोव्यात ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झाला, तेव्हा पहिले काही आठवडे कुणी हूं की चूं केलं नाही. सरकारी आराखडे येतात आणि जातात, अशी लोकांची समजूत. मी सर्वे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढली, तेव्हा आराखडे येतात ते मला ठाऊक होतं. जाताना मात्र एकही पाहिला नव्हता. हा गेला. तो कसा गेला आणि त्यानंतर काय झालं, हे लिहायला बसलो आहे. कारण आजकालच्या मुलांना वाटतं की तेव्हा मैदानात गर्दी झाली, सरकार घाबरलं आणि काम फत्ते झालं. गर्दी झाली होती, खोटं नाही. पण खरं काम झालं ते गावोगावी, पंचायतीच्या टेबलावर, ट्रेसिंग पेपर पसरून.

आराखड्याच्या नकाशाची झेरॉक्स माझ्या हाती आली तेव्हा मी आधी रंग पाहिले नाहीत, प्रमाण पाहिलं. सवयच ती. समजा, एक लाखाला एक या प्रमाणावर अख्खा गोवा कागदावर काढला, तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. बोरूची रेघ जरा जाड पडली की पन्नास मीटर गिळले. आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, पन्नास मीटरांत देऊळ, तळी आणि चार घरं मावतात. तिथं सर्वे नंबर दिसत नाहीत, दिसतात फक्त रंगाचे ठिपके. ठिपका सेटलमेंटचा असला की ती जमीन बांधकामाला मोकळी होण्याचा रस्ता खुला. पुढे महसूल कायद्याच्या कलम 32 खाली भूरूपांतराची सनद मिळवायची एवढंच उरतं. काल ज्या भाटाला, म्हणजे बागायतीला, कुणी विचारत नव्हतं, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी दिल्लीची गाडी उभी. तेव्हा ठिपका कुठे पडला आणि कुणाच्या जमिनीवर पडला, हे कळणं फार मोलाचं होतं. आणि ज्यांना कळायला हवं त्यांना ते आधीच कळलेलं असतं, हे मी खात्यात बसून पुष्कळदा पाहिलं आहे.

गोव्यात गावाच्या जमिनीचा निर्णय गावाने करायचा ही गोष्ट नवी नाही. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून इथे गावकारी संस्था होती. शेतं, डोंगर, तळी गावकीच्या मालकीची. शेतं ठरावीक मुदतीने पावणीला, म्हणजे लिलावाला लावायची, आलेल्या पैशांतून बांध दुरुस्त करायचे, देवळाचा खर्च भागवायचा आणि उरेल ते गावकारांना ‘जण’ या नावाने वाटायचं. 1526 मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने या चालीरीती फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतल्या. नव्या राज्यकर्त्याला महसूल हवा होता आणि तो वसूल करणारी चालती यंत्रणा मोडण्यात त्याला रस नव्हता, एवढंच त्यामागचं पुण्य. पुढे या गावकीचंच कोमुनिदाद झालं, 1904 मध्ये त्याची संहिता आली, आणि अधिकार एकेक करून प्रशासकाकडे गेले.

या गावकीचे आज फार गोडवे गातात, विशेषतः शहरातले लोक. मला त्यांची गंमत वाटते. गावकीत बसायचे ते गावकार घराण्यातले पुरुष. खाजनात कंबरभर चिखलात उतरून बांध घालणारा तिथं बसत नव्हता, त्याची बायको तर नाहीच. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून काढलेली शेतं. गोव्यात ती सुमारे 18 हजार हेक्टर आहेत आणि पुष्कळशी भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदरवाज्याची, दारं भरतीला मिटतात, सुकतीला उघडतात. बांध एके ठिकाणी फुटला तर एकाचं शेत जात नाही, अख्ख्या गावाचं जातं. म्हणून निर्णय सामाईक. त्यात लोकशाही नव्हती, गरज होती. मुक्तीनंतर 1975 चा मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि 1976 ची कूळ कायद्याची दुरुस्ती आली, कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. फार चांगलं झालं. मात्र बांधाची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली ती अर्धवट. ज्या गावात संघटना चालली तिथं भात पिकलं. बाकी ठिकाणी खारं पाणी शिरलं, शेत पडीक झालं, आणि पडीक शेतावर रंगाचा ठिपका ठेवायला कुणाचाच हात अडखळत नाही.

2006 च्या लोकांना आधीच्या भांडणांची शिदोरी होती. सत्तरच्या दशकात रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध उठले, 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा त्यातून आला. नव्वदच्या सुरुवातीला कोकण रेल्वेचा मार्ग किनाऱ्याकडच्या खाजनांतून नको, आतून न्या, म्हणून मोठी चळवळ झाली. ओझा आयोगही बसला. मार्ग मुख्यतः ठरला तिथूनच गेला. मी ते भांडण दुरून पाहिलं. जवळून पाहिलं ते भूतखांबचं.

केरी गावचं भूतखांब पठार फोंड्यापासून फार लांब नाही. तिथं थापर-ड्यूपॉन्ट कंपनीचा नायलॉन 6,6 चा कारखाना येणार होता, सुमारे 123 हेक्टर जमिनीत. माझी बहीण सावईवेऱ्याला दिलेली. तिचं कुळागर, पोफळ, मिरी, जायफळ, आणि त्याला पाणी पठाराच्या कुशीतल्या झऱ्याचं. पठार म्हणजे वर जांभा दगड, त्याच्या भेगांतून पावसाचं पाणी मुरतं आणि उन्हाळ्यात खाली पाझरतं. सरकारी कागदात ते ‘पडीक खडकाळ’. बहिणीला अहवालातलं काही कळत नव्हतं, ती एवढंच म्हणाली, “दादा, वरचं पाणी बिघडलं तर खालच्या पोफळी कुणाच्या तोंडाकडे बघायच्या?” पर्यावरणाच्या कुठल्याही जाडजूड अहवालात मला यापेक्षा नेमका प्रश्न सापडला नाही.

त्या बैठका देवळाच्या सभामंडपात होत, रात्री जेवणं आटोपल्यावर. समोर बायका, कठड्यावर म्हातारे, पोरं खांबाला टेकून. पणजीहून गोवा फाउंडेशनची माणसं येत, कंपनीच्या करारातली कलमं समजावून सांगत. गोवा फाउंडेशन 1986 पासूनच अशा कामात होतं. गावाने रस्ता रोखला, बायका पुढे राहिल्या. जानेवारी 1995 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण मारला गेला. त्यानंतर लोकांचा जो संताप झाला, त्यापुढे कंपनीला काढता पाय घ्यावा लागला. कारखाना तामिळनाडूत गेला. गोव्यातलं हे भांडण बहुतेक ठिकाणी विजयाच्या यादीत लिहितात. केरीत कुणी ते त्या यादीत लिहीत नाही.

आणि दहा-बारा वर्षांत त्याच पठारावर पुन्हा पाटी लागली: विशेष आर्थिक क्षेत्र, औषधांचं. जमीन तीच. म्हणजे एका पिढीने जीव देऊन राखलेलं पठार सरकारी दप्तरात ‘उपलब्ध’ म्हणूनच पडून होतं. आंदोलनाने कंपनी हटली, पण जमिनीच्या नोंदीला कुणी हात लावला नव्हता. मला यातून जे कळलं ते एवढंच की मोर्चा माणसांना अडवतो, नोंदीला अडवत नाही.

आता 2006. नकाशात काय आहे याची कुणकुण वाढत गेली आणि डिसेंबरात गोवा बचाव अभियान उभं राहिलं. निमंत्रक डॉ. ऑस्कर रिबेलो, पेशाने डॉक्टर. सोबत सबिना मार्टिन्स, ज्या बायलांचो साद या महिला संघटनेतून आल्या होत्या. वास्तुविशारद, वकील, शिक्षक, जुने पर्यावरणवाले. सभासदत्वाची पावती नव्हती, झेंडा नव्हता. वेगवेगळ्या संघटना एका छत्रीखाली आल्या आणि मागणी एकच ठेवली: हा आराखडा रद्द करा. दुरुस्त करा असं म्हणाले असते तर सरकारने समिती नेमली असती आणि आम्ही आजही त्या समितीच्या अहवालाची वाट पाहत असतो. मागणी एकच ठेवण्यात या लोकांची खरी हुशारी होती, असं माझं मत आहे.

सभा चर्चच्या सभागृहात झाल्या, देवळात झाल्या, शाळेत झाल्या. मी गेलो तो शाळेत. भिंतीवर पडदा, प्रोजेक्टर, आणि एक तरुण वास्तुविशारद बाई नकाशा दाखवत होती. लोक बघत होते, पण त्यांना त्यात आपला गाव सापडत नव्हता. सापडणार कसा? नदी ओळखता येते, हमरस्ता ओळखता येतो, बाकी सगळा रंगांचा गोंधळ. मग आम्ही दोघा-तिघा निवृत्तांनी एक काम हाती घेतलं. गावच्या सर्वे शीट काढल्या, आराखड्याचा आपल्या गावापुरता तुकडा त्याच प्रमाणावर वाढवून घेतला, आणि ट्रेसिंगवर उतरवून एकावर एक ठेवला. जुळवायला तीन पक्क्या खुणा लागतात. आम्ही देवळाचा कळस, पूल आणि नदीचं वळण धरलं. अशी जुळणी काही मीटर इकडेतिकडे होते, त्याची कबुली आम्ही प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लिहीत होतो. पण काही मीटरांची चूक आणि अख्खा डोंगर सेटलमेंटमध्ये, यात फरक असतो.

पंचायतीच्या टेबलावर तो कागद पसरला की खोलीतला आवाज बदलायचा. “अरे, हा तर आमचा सडा!” “मास्तर, इथं वायंगण आहे, दोन पिकं निघतात.” “ही जागा कुणाच्या नावावर बघा, एक-चौदा काढा.” एक-चौदा म्हणजे आमच्याकडचा जमिनीचा उतारा; त्यावर मालकाचं नाव, कुळाचं नाव. उतारे काढले तेव्हा कुठे नाव गावातलंच, कुठे अलीकडेच विक्री होऊन लांबच्या पत्त्यावरच्या कंपनीचं. एका कार्यालयात आम्हाला उतारा देताना कारकुनाने विचारलं, “कशाला हवा? घर बांधता?” “नाही, कुणी बांधत नाही ना ते बघायला,” असं आमच्यातले एकजण म्हणाले. कारकून हसला नाही.

ज्यांनी आयुष्यात नकाशा पाहिला नव्हता, ती माणसं आठवडाभरात उंचीच्या रेषा वाचायला लागली. रेषा दाट म्हणजे चढ उभा. पाव पट, म्हणजे चार मीटरला एक मीटरहून उभा उतार कापता येत नाही, 1997 मध्ये कायद्यात घातलेल्या कलम 17-अ मुळे डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला परवानगी लागते, हे पोस्टमन, भाजीवाली, सुतार बोलायला लागले. पंचायतीचा पंच त्यांच्यापुढे गप्प बसू लागला. गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते. एरवी पाच-पंचवीस टाळकी असायची, तीही गटाराच्या तक्रारीची. त्या हिवाळ्यात रविवारी जागा पुरत नव्हती. ठराव मंजूर होत होते आणि, हे महत्त्वाचं, इतिवृत्तात नीट लिहिले जात होते; कारण लोक सचिवाच्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

डिसेंबरात पणजीच्या आझाद मैदानावर सभा झाली. तोंडावर विधानसभेची निवडणूक होती, सत्ताधारी पक्षाच्या दिल्लीतल्या श्रेष्ठींपर्यंत गाऱ्हाणं गेलं होतं. जानेवारी 2007 संपता संपता मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी आराखडा मागे घेत असल्याचं जाहीर केलं. अधिसूचित झालेला आराखडा सहा महिन्यांच्या आत गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस, 31 डिसेंबरला, पुढचे मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी विशेष आर्थिक क्षेत्रंही रद्द करत असल्याचं सांगितलं. भूतखांब दुसऱ्यांदा वाचलं.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची सांगत नाहीत, कारण तिच्यात ढोल वाजत नाहीत.

नव्या आराखड्यासाठी कृती दल नेमलं गेलं आणि त्यावर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आले. पणजीची कला अकादमी त्यांचीच, आणि साठच्या दशकात मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर वसवा असं सुचवणाऱ्या तिघांपैकीही ते एक. 2008 मध्ये मसुदा आला. जंगल, खाजन, पाणवठे, उभे उतार यांना इको-1 असा वर्ग देऊन हात लावायचा नाही असं ठरलं, आणि पंचायतवार नकाशे गावांना पाठवून सूचना मागवल्या. गोव्यात पंचायती 190 च्या आसपास. आधी आराखडा आणि मग हरकती, या नेहमीच्या क्रमात एवढं तरी उलटं झालं की गावाला आपला तुकडा वाचता येईल अशा आकारात मिळाला. गावोगावी समित्या बसल्या. आमच्या समितीत एक निवृत्त मुख्याध्यापिका, दोन शेतकरी, एक रिक्षावाला, एक इंजिनियर पोरगा आणि मी. झरे किती, विहिरी कुठे, वाट कुठली पूर्वापार, सगळं पायी फिरून टिपलं.

आणि इथेच आमच्यात फूट पडली.

आमच्या अंतर्भागातल्या बहुजन समाजाला गोवा बचाव अभियानाबद्दल पहिल्यापासून थोडी शंका होती. किनाऱ्याकडची, इंग्रजीत बोलणारी, भरल्या घरची माणसं. “त्यांची घरं बांधून झाली, आता ते आम्हाला डोंगर राखायला सांगतात,” असं माझा एक शेजारी भर समितीत बोलला. तो मुंडकाराचा मुलगा. दोन भाऊ लग्नाचे, वडिलार्जित घर एकच, आणि त्याच्या नावावर असलेली तीनशे चौरस मीटर जागा नकाशात ऑर्चर्ड, म्हणजे बागायत. त्याला सेटलमेंट हवी होती ती विकायला नव्हे, दोन खोल्या काढायला. त्याला काय उत्तर देणार? बिल्डरच्या दोन लाख मीटरांना आणि याच्या तीनशे मीटरांना नकाशात एकच रंग, एकच नियम. आमच्याकडून गेलेल्या सूचनांत अशा गरजवंतांची वेगळी यादी आम्ही जोडली. चळवळीने हा प्रश्न सुरुवातीपासून आपला मानला असता तर पुढे राजकारण्यांना ‘बिचाऱ्या गोंयकाराचं घर’ दाखवून मोठमोठी भूरूपांतरं रेटता आली नसती, असं मला आजही वाटतं. दुसरी गोष्ट खाणींची. डिचोली, सत्तरी, सांगेत डोंगरच्या डोंगर खणले जात होते आणि सेटलमेंटच्या ठिपक्यावर तासन्‌तास बोलणारे आम्ही त्यावर दबक्या आवाजात बोलायचो. खाणीवर पोट असलेली माणसं आमच्याच समितीत होती.

प्रादेशिक आराखडा 2021 टप्प्याटप्प्याने 2011 पर्यंत प्रसिद्ध झाला. अनेक गावांनी ओरड केली की आम्ही पाठवलं एक, छापून आलं दुसरं. 2012 मध्ये सरकार बदललं आणि आराखडा बासनात गेला; 2018 मध्ये तो पुन्हा बाहेर काढला. त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात 16-ब हे कलम आलं आणि जमीनमालकाने अर्ज करून आपल्या जमिनीचा झोन बदलून मागायची सोय झाली. 2023 मध्ये 17(2) आलं: आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. त्याखाली एकेक सर्वे नंबर ऑर्चर्डमधून, शेतातून सेटलमेंटमध्ये जाऊ लागला. गोवा फाउंडेशन आणि गोवा बचाव अभियान न्यायालयात गेले, आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. तोवर 2024 मध्ये झोन बदलण्याचं 39-अ हे आणखी एक कलम येऊन बसलं होतं.

2006 मध्ये अख्ख्या गोव्याचा नकाशा एकदम बदलला होता, म्हणून अख्खा गोवा एकदम उठला. आता नकाशा बदलतो तो एका वेळी एका सर्वे नंबरापुरता. एका सर्वे नंबरासाठी आझाद मैदान भरत नाही. ज्याच्या कुंपणापलीकडची ती जागा असते, त्यालाही कुदळ पडेपर्यंत कळत नाही. हे ज्याने शोधून काढलं त्याने आमच्या चळवळीचा आमच्यापेक्षा चांगला अभ्यास केला होता, हे कबूल करायला हवं. आमची समिती तर कधीच विखुरली. मुख्याध्यापिका बाई गेल्या, इंजिनियर पोरगा दुबईत आहे, माझ्या डोळ्यांना आता उंचीच्या रेषा वेगवेगळ्या दिसत नाहीत.

39-अ खाली झोन बदलायचा तर आधी सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकतींसाठी तीस दिवस ठेवावे लागतात. सूचनेत गावाचं नाव, सर्वे नंबर आणि क्षेत्रफळ असतं. तेव्हा गोव्यात राहणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे: आपल्या घराभोवतालच्या दहा-वीस जमिनींचे सर्वे नंबर वहीत उतरवून ठेवा, दर आठवड्याला राजपत्र चाळा, आणि नंबर सापडला तर हरकत लेखी द्या, एकट्याने नको, वाड्यावरच्या पाच जणांच्या सह्यांनी, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.